क्षारपड जमीन

मातीच्या वरच्या थरात विद्राव्य क्षार साचून पीक येईनासे झाले की त्या जमिनीला क्षारपड म्हणतात. कोरड्या खोऱ्यांत आणि समुद्रकाठी ती निसर्गतःही तयार होते. मात्र तिचे अनेक मोठे पट्टे माणसाने पाट काढल्यावर तयार झाले.

गोड्या पाण्यातही क्षार असतात. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी चवीला खारट लागत नाही. तेच पाणी वर्षात एकूण १,००० मिलिमीटर दिले, तर हेक्टरी १०,००० घनमीटर पाण्याबरोबर ५ टन क्षार शेतात येतात. पिके पाणी शोषतात आणि क्षार बहुतांशी मागेच राहतात. शिवाय पाट आणि शेते पाझरून भूजल वर चढते. ते दीड-दोन मीटरवर आले की केशाकर्षणाने, म्हणजे मातीतल्या बारीक छिद्रांतून, पृष्ठभागापर्यंत ओढले जाते, पाण्याची वाफ होते आणि पांढरा थर उरतो.

दक्षिण मेसोपोटेमियाचे, म्हणजे आजच्या इराकमधल्या प्राचीन सुमेरचे, उदाहरण सर्वांत जुने व सर्वांत वादग्रस्त. थॉर्किल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट ॲडम्स या अभ्यासकांनी १९५८ मध्ये मांडले की इ.स.पू. ३५०० च्या सुमारास गहू आणि जव जवळपास सारखेच पिकत. पुढे गहू घटत गेला आणि इ.स.पू. १७०० पर्यंत जवळजवळ नाहीसा झाला. जव गव्हापेक्षा जास्त क्षार सोसतो, म्हणून हा बदल त्यांनी क्षारपडीचा पुरावा मानला. मार्व्हिन पॉवेल यांनी १९८५ मध्ये या पुराव्याच्या वाचनावरच आक्षेप घेतला. जव पेरण्याला इतरही कारणे असू शकतात, त्यामुळे सुमेरच्या ऱ्हासाचे खापर एकट्या मिठावर फोडणे धाडसाचे ठरेल. एकाआड एक वर्ष शेत पडीक ठेवण्याची तिथली रीत मात्र बोलकी आहे : पडीक रानात वाढणारी खोल मुळांची झुडपे भूजल खाली नेत. जास्त धान्यासाठी हे पडीक वर्ष मोडले की ही सोय संपे.

नाईलकाठी वेगळे घडले. दरवर्षीचा पूर शेतांवरून जाई आणि ओसरताना क्षार धुऊन नेई. विसाव्या शतकात बारमाही पाणी आले, १९७० मध्ये आस्वानचे उंच धरण पूर्ण झाले, पूर थांबला. मग निचऱ्यासाठी जमिनीखाली नळ्यांचे जाळे घालावे लागले. पाटाशिवायही क्षारपड होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात खोल मुळांची झाडे तोडून गहू पेरला, पावसाचे जास्त पाणी खाली मुरले आणि पूर्वीपासून साठलेले क्षार घेऊन भूजल वर आले.

उपाय करण्याआधी माती तपासावी. संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता क्षारांबरोबर वाढते; ती ४ डेसीसीमेन्स प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर जमीन क्षारयुक्त; विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेल्या, अदलाबदल होऊ शकणाऱ्या घटकांतला सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर चोपण. दोन्ही दोष एकत्रही असतात. नुसती क्षारयुक्त जमीन बांध घालून, पाणी साठवून धुता येते. साधारण नियम असा, की जितकी खोली सुधारायची तितक्याच उंचीचे पाणी खाली झिरपले तर त्या थरातले सुमारे ८० टक्के क्षार निघून जातात. निचरा नसताना धुतले तर उलट भूजलच वर येते.

चोपण जमीन नुसत्या गोड्या पाण्याने धुणे ही नेहमीची घोडचूक. क्षार जातात, सोडियम राहतो, चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात आणि पाणी मुरेनासे होते. म्हणून आधी जिप्सम हे कॅल्शियमयुक्त खनिज मिसळावे लागते. १०० ग्रॅम मातीतला १ मिलिइक्विव्हॅलंट (रासायनिक प्रमाणाचे एकक) सोडियम हटवायला ३० सेंटिमीटर थरासाठी हेक्टरी साडेतीन ते चार टन शुद्ध जिप्सम लागते. त्यातल्या कॅल्शियमने सोडियमची जागा घेतली की मगच पाणी देऊन तो खाली न्यावा.

निचऱ्याचे खारे पाणी सोडायचे कुठे, हा प्रश्न बहुतेक आराखड्यांत शेवटी येतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यातले असे पाणी केस्टरसन जलाशयात सोडले जाई. १९८३ मध्ये तिथल्या पाणपक्ष्यांत विकृत पिल्ले आढळली. कारण निघाले सेलेनियम, जास्त झाले की विषारी ठरणारे मूलद्रव्य. ते मातीतून धुऊन निचऱ्याच्या पाण्याबरोबर आले होते. १९८६ मध्ये जलाशयात येणारे हे पाणी बंद करावे लागले.