जीटी३ आणि टर्बो एस: एका आकड्याने दोन्ही गाड्या मोजू नका

‘टर्बो एसला ताशी शंभर किमी गाठायला २.७ सेकंद लागतात, जीटी३ला ३.४. जीटी३ घेणारे येडे आहेत का?’ पोर्श ९११ या स्पोर्ट्स कारचा आणि तिच्या या दोन प्रकारांचा विषय निघाला की हा प्रश्न कोणीतरी टाकतोच. त्याचा जुळा भाऊ म्हणजे ‘जीटी३ ही टर्बोच्या वरची पायरी, सगळ्यात पॉवरफुल ९११.’ दोन्ही चूक. वेग ही एकच गोष्ट आहे आणि ती एका आकड्यात मावते, या समजुतीतून दोन्ही चुका निघतात. व्हिडिओवाले दर आठवड्याला दोन गाड्या धावपट्टीवर शेजारी उभ्या करून त्यात भर घालतात.

टर्बो एस बहुतेकांना माहीत आहे, तिचं पटकन उरकतो. ९९२ पिढीची (९९२ हे पोर्शचं ९११ च्या आताच्या पिढीचं नाव), हायब्रिड होण्याआधीची टर्बो एस म्हणजे ३.७ लिटरचं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, दोन टर्बो, ६५० अश्वशक्ती, ८०० न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना ताकद, आठ गिअरचा पीडीके (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), वजन १६४० किलो, कमाल वेग ताशी ३३० किमी. पाऊस असो, थंडी असो, शेजारी सासूबाई बसलेल्या असोत, ती आपलं काम करते. १९७४ च्या पॅरिस मोटर शोमध्ये पहिली ९११ टर्बो आली, तेव्हा २६० अश्वशक्ती ऐकून लोक हबकले होते. त्या गाडीला कोपऱ्यात चुकून पाय उचलला तर मागची बाजू पुढे यायची. आजची टर्बो एस त्या मानाने फारच सुसंस्कृत आहे.

जीटी३ म्हणजे ४ लिटरचं, टर्बो नसलेलं, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन. ५१० अश्वशक्ती, ४७० न्यूटन-मीटर, फक्त मागच्या चाकांना ताकद. गिअरबॉक्स सात गिअरचा पीडीके किंवा सहा गिअरचा मॅन्युअल. वजन पीडीकेसह १४३५ किलो, मॅन्युअलसह १४१८.

बारीकसारीक फरकांवर वेळ घालवत नाही. जीटी३ला मागे मोठा पंख असतो, तिचा टुरिंग प्रकार घेतला तर नसतो. दोघींच्या चाकांना मधोमध एकच भलामोठा नट असतो, त्यामुळे पंक्चरवाल्याकडे दोघींचीही पंचाईत. २०१५ पासून साध्या कॅरेरालाही, म्हणजे ९११ च्या मूळ प्रकारालाही, टर्बो आहे आणि विजेवरच्या टायकानच्या पाठीवरही ‘टर्बो’ लिहिलेलं असतं. त्या बिल्ल्यावरून इंजिनात काय आहे ते ओळखायच्या फंदात पडू नका. आणि साध्या कॅरेराला बाहेरून जीटी३चा पंख चिकटवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आता मुद्द्यावर येऊ.

योर्ग बेर्गमाइस्टर या एकाच ड्रायव्हरने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफे या सर्किटवर दोन्ही नव्या ९११ पळवल्या. नवी टर्बो एस हायब्रिड आहे: ७११ अश्वशक्ती, शंभरला २.५ सेकंद. तिची फेरी ७ मिनिटे ३.९२ सेकंदांची झाली. नवी जीटी३, तीही मॅन्युअल, ५१० अश्वशक्ती, शंभरला ३.९ सेकंद. तिची फेरी ६ मिनिटे ५६.२९४ सेकंदांत संपली. दोनशे अश्वशक्ती कमी, शंभर गाठायला १.४ सेकंद जास्त, गिअर हाताने टाकायचे, आणि तरी सात सेकंदांहून अधिक पुढे. जीटी३चे टायर जास्त चिकट होते हे मान्य. पण सर्किटच्या इतक्या जवळचे टायर घालून रस्त्यावर विकता येणं हाही त्या गाडीच्या स्वभावाचाच भाग आहे.

हे कसं होतं? शून्य ते शंभर या आकड्यात फक्त दोन गोष्टी मोजल्या जातात: उभ्या गाडीचे टायर रस्ता किती घट्ट पकडतात आणि इंजिन किती लवकर किती टॉर्क देतं. टर्बो एसची चार चाकं रस्त्याला चिकटतात, लाँच कंट्रोल, म्हणजे झटक्यात निघायची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, आरपीएम धरून ठेवतो, ८०० न्यूटन-मीटर २५०० आरपीएमलाच हजर असतात. ड्रॅग रेस म्हणजे शंकरपट: सरळ पट्टी, वळण नाही, थांबायचं कसं याची चिंता पट्टी संपल्यावर. शंकरपटाला माझा विरोध नाही. मात्र त्यात जिंकलेली जोडी नांगरालाही उत्तमच चालणार, हा निष्कर्ष कोणी काढत नाही. गाड्यांच्या बाबतीत मात्र सर्रास काढतात.

नॉर्डश्लायफे २०.८ किलोमीटरची आहे. त्यातला दोन किलोमीटरहून थोडा लांब सरळ पट्टा, ड्योटिंगर ह्योहे, शेवटी येतो आणि तिथे टर्बो एस मजेत पुढे पळते. बाकी सगळं ब्रेक, वळण, चढ, उतार. या भागात अश्वशक्तीपेक्षा वजन जास्त बोलतं आणि ते तीन ठिकाणी बोलतं.

पहिलं ठिकाण ब्रेक. हायब्रिडआधीची टर्बो एस आणि जीटी३, म्हणजे १६४० आणि १४३५ किलोंच्या गाड्या, एकाच वेगाने वळणाशी आल्या, तर जड गाडीत सुमारे १४ टक्के जास्त ऊर्जा असते. ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, दर वळणाला, पुन्हा पुन्हा. म्हणून जड गाडीला ब्रेक लवकर लावावा लागतो आणि ब्रेक थकतातही लवकर.

दुसरं टायर, आणि ही गोष्ट जवळपास कोणी बघत नाही. हायब्रिडआधीची ९९२ टर्बो एस आणि जीटी३च्या टायरचा आकार एकच आहे: पुढे २५५/३५ आर२०, मागे ३१५/३० आर२१. म्हणजे तेवढ्याच रबरावर टर्बो एस २०५ किलो जास्त लादते. टायरवर भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून हलकी गाडी त्याच टायरवर वळणातून जास्त वेगाने निघते. त्यावर जीटी३ला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे. ते आरएसआर या शर्यतीच्या गाडीवरून उतरलं आणि रस्त्यावरच्या ९११ मध्ये ९९२ जीटी३ पासूनच आलं. वळणात गाडी कलली तरी पुढचं चाक रस्त्यावर सपाट टेकून राहतं. टर्बो एसला पुढे मॅकफर्सन स्ट्रट हे साधं सस्पेन्शन आहे. रस्त्यासाठी त्यात काहीही वावगं नाही.

तिसरं ठिकाण म्हणजे उष्णता. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, इंटरकूलर ती थंड करतो. एका फेरीला हे गणित जमतं. उन्हाळ्याच्या दुपारी सलग फेऱ्या मारल्या की आत येणारी हवा तापत जाते आणि इंजिन वाचवायला संगणक इग्निशन मागे ओढतो, म्हणजे ताकद कमी करतो. कागदावरचे ६५० घोडे सहाव्या फेरीला तेवढेच राहतात असं नाही. जीटी३ बाहेरची हवा तशीच ओढते. तिच्या सहा सिलिंडरला सहा स्वतंत्र थ्रॉटल आहेत, व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा हायड्रॉलिक नसून घट्ट आहे. पाय हलवला की इंजिन हललं, मध्ये वाट बघणं नाही. पहिल्या फेरीला जी गाडी हातात असते, तीच दहाव्यालाही असते.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर जीटी३वाले फार खूश होतात. ऑटोबानवर, जर्मनीच्या महामार्गावर, १२० ला सातव्या गिअरमध्ये असताना समोरचा ट्रक बाजूला झाला, तर टर्बो एसमध्ये फक्त पाय दाबायचा. जीटी३ची सगळी ताकद ८४०० आरपीएमला बसलेली आहे. तिला आधी दोन-तीन गिअर खाली आणावं लागतं, तोवर टर्बो एस ठिपक्याएवढी दिसते. शून्य ते दोनशेमध्येही टर्बो एस जवळजवळ दोन सेकंद पुढे राहते, ८.९ विरुद्ध १०.८. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या पावसात, साधारण ड्रायव्हरच्या हातात टर्बो एसच वेगवान. जीटी३चे टायर थंड ओल्या रस्त्यावर किती नाराज होतात, हे ऑक्टोबरच्या सकाळी पहिल्याच चौकात कळतं.

ट्युनिंगमध्ये तर या गोंधळाची किंमत पैशात मोजावी लागते. आपल्याकडे पोलो आणि ऑक्टाव्हियावर ‘स्टेज वन’ करून मोठी झालेली एक पिढी आहे. लॅपटॉप जोडा, फाइल टाका, गाडी बदलली. ही सवय टर्बो एसवर तंतोतंत चालते. तिथे बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, सॉफ्टवेअर ठरवतं. कंपनीने दाब जिथे थांबवला आहे तिथून वर नेला की त्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा, जास्त इंधन, शंभरेक अश्वशक्ती जास्त. हवा कोंबणारा पंप आधीच बसवलेला आहे, फक्त कितपत कोंबायचं ते बदलायचं.

जीटी३मध्ये कोंबायला कोणीच नाही. वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलतो तेवढीच. तिचा टॉर्क लिटरमागे ११७ न्यूटन-मीटर पडतो, आणि टर्बोविना रस्त्यावरच्या इंजिनाची मजल साधारण तिथेच संपते. टर्बो एसचा २१३ पडतो. त्यामुळे जीटी३ला ‘रीमॅप’ करून चाळीस-पन्नास घोडे मिळाले असं कोणी सांगितलं, तर त्याच्या डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, माझा विश्वास नाही. पाच-दहा मिळत असतील, तेही हवामान बदललं की हलणारे. जीटी३वर पैसा ओतायचाच असेल तर ब्रेक पॅड, चांगलं ब्रेक फ्लुइड, व्हील अलाइनमेंट आणि सीट. यातलं काही मित्रांना दाखवता येत नाही, पण प्रत्येक वळणात कळतं. फक्त आवाजासाठी एक्झॉस्ट बदलणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ९००० आरपीएमला ओरडणाऱ्या इंजिनाला आणखी आवाज कशाला हवा?

टर्बो एस ट्यून करणाऱ्यांनीही पुढचं बघावं. ८०० न्यूटन-मीटरच्या वर गेल्यावर ओझं पीडीकेच्या क्लचवर येतं, आणि ती गिअरबॉक्स उघडायचा खर्च ट्यूनच्या कित्येक पट असतो. जर्मनीत असा बदल अधिकृत तपासणी करून कागदपत्रांत नोंदवला नाही, तर गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच संपते आणि अपघातानंतर विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. वॉरंटीचं तर नावच नको. नॉर्डश्लायफेवर तिकीट काढून हौसेने गाडी नेणाऱ्यांनी पॉलिसीची बारीक अक्षरं आधी वाचावीत. कित्येक पॉलिसींमध्ये तो रस्ता सरळ वगळलेला असतो.

या दोन गाड्यांची गल्लत जुन्या लोकांकडून का होते, तेही समजण्यासारखं आहे. ९९६ आणि सुरुवातीच्या ९९७ या जुन्या पिढ्यांच्या काळात दोन्ही गाड्यांच्या इंजिनाचं कूळ एकच होतं, पोर्शचे अभियंते हान्स मेत्सगर यांच्या नावाने ओळखलं जाणारं. एकीने त्यावर टर्बो लावले, दुसरीने आरपीएम वाढवले. ते दिवस गेले.

माझी पसंती विचाराल तर जीटी३ टुरिंग, मॅन्युअल, पंखाविना. पण मला विचारणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना मी टर्बो एसच सांगतो. रोज ऑफिसला जायचं, वर्षातून एकदा आल्प्स, सर्किटवर कधीच नाही, अशा माणसाला जीटी३ कडक आणि गोंगाटी वाटेल, आणि तिचा जीव जिथे आहे त्या ७००० आरपीएमच्या वर तो कधी जाणारच नाही. भारतात तर विचार आणखी सोपा. ग्रेटर नोइडाचं बुद्ध सर्किट किंवा चेन्नईजवळचा ट्रॅक गाठायची तयारी नसेल, तर जीटी३ स्पीडब्रेकरवर पुढचं नाक उचलण्यातच म्हातारी होईल.

वापरलेली घेताना दोघींना वेगवेगळे प्रश्न विचारायचे. लोक मात्र दोघींना ‘किती किलोमीटर चालली’ एवढंच विचारतात. जीटी३चा, त्यातही मॅन्युअलचा, ओव्हररेव्हचा अहवाल मागा. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं आणि गाडीचा संगणक ते कायमचं लिहून ठेवतो, किती वेळा आणि कोणत्या टप्प्यात. वरच्या टप्प्यांत नोंदी असतील तर मी सौदा सोडतो. पीडीकेत ही चूक होत नाही, गिअरबॉक्स असा गिअर टाकायला सरळ नकार देते. सर्किटवर गेली होती का, हा प्रश्न निरर्थक आहे, जीटी३ त्यासाठीच बनलेली आहे. नंतर तेल आणि ब्रेक फ्लुइड बदललं का, ते विचारा.

टर्बो एसच्या बाबतीत शंका सॉफ्टवेअरची. ट्यून करून दोन वर्षं पिळलेली गाडी विकताना मूळ फाइल परत टाकली जाते आणि मालक ‘एकदम स्टॉक’ म्हणून हसतो. म्हणून ती स्वतंत्र जाणकाराकडे न्या, लिफ्टवर चढवा, एक्झॉस्ट आणि इंटरकूलरचे पाइप कधी खोललेले दिसतात का ते बघा, कंपनीची वॉरंटी अजून वाढवून मिळते का ते विचारा. ब्रेक डिस्क मात्र दोघींच्याही तपासा. पिवळे कॅलिपर म्हणजे सिरॅमिक डिस्क, टर्बो एसला कंपनीकडूनच येतात, जीटी३ला जास्तीचे पैसे मोजून. त्या संपत आल्या असतील तर नवीन डिस्कचा भाव आधी विचारा, मग किमतीची बोलणी.