ड्रॅग रेसिंगच्या गाडीसाठी रिले निवडताना

ट्रान्सब्रेक म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर गिअरबॉक्स अडकवून गाडी रोखणारी यंत्रणा. तिचा रिले (कॉइलमधल्या छोट्या करंटने मोठ्या करंटचे कॉन्टॅक्ट जोडणारा-तोडणारा स्विच) बरेच जण नुसते अँपिअर पाहून घेतात. तिथे त्याहून महत्त्वाची असते ती रिले सुटण्याची वेळ. बटण दाबून धरले की ट्रान्सब्रेकचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) चालू राहतो आणि गाडी जागेवर थांबते. बटण सोडून करंट तुटला की ती निघते. रिअॅक्शन टाइम (हिरवा दिवा लागल्यापासून गाडी निघेपर्यंतची वेळ) सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजला जातो, म्हणजे रिलेचा मिलीसेकंदही त्यात दिसतो.

३०–४० अँपिअरचा साधा रिले लागायला साधारण ५ ते १० मिलीसेकंद घेतो, सुटायला त्याहून कमी. पण कॉइलच्या ८५ आणि ८६ पिनांवर नुसता डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बसवला, तर कॉइलमधला करंट त्यातूनच फिरत राहतो. चुंबकत्व सावकाश उतरते आणि सुटण्याची वेळ दुप्पट-तिप्पट होऊ शकते. कॉन्टॅक्टही रेंगाळत उघडतात, ठिणगी लांबते, टोके जळतात. त्यापेक्षा आत रेझिस्टर असलेला रिले घ्या, किंवा डायोडच्या जोडीला उलट दिशेने २४ ते ३६ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टला उलट दिशेनेही करंट सोडणारा डायोड) टाका. सोलेनॉइडवरच्या डायोडलाही हेच लागू आहे. रिले लवकर सुटूनही तो डायोड सोलेनॉइडला धरून ठेवतो.

उशीर दर वेळी सारखाच असेल तर डिले बॉक्समध्ये (बटण सोडल्यावर ठरवलेला वेळ थांबून गाडी सोडणारे उपकरण) जुळवून घेता येतो. कमी-जास्त होणाऱ्या उशिराला मात्र इलाज नाही.

१६ व्होल्टची बॅटरी असेल तर १२ व्होल्टच्या कॉइलवर सुमारे पावणेदोन पट उष्णता पडते. थोडा वेळ चालते, पण पंपासारख्या सतत चालणाऱ्या लोडला तो रिले वापरू नका.

नायट्रस (इंजिनची ताकद वाढवणारा वायू) टप्प्याटप्प्याने सोडणारा कंट्रोलर सेकंदाला अनेकदा चालू-बंद करतो. तिथे कॉन्टॅक्टचा रिले टिकत नाही. सॉलिड स्टेटच (हलणारे कॉन्टॅक्ट नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) हवा. त्याचा रोध ५ मिलीओहम असेल तर २० अँपिअरला २ वॅट उष्णता होते, म्हणून तो अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर घट्ट बसवा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सॉलिड स्टेट रिले बिघडला की बहुधा चालूच राहतो. कॉन्टॅक्ट चिकटले तरी तेच. नायट्रसच्या लाइनमध्ये वेगळा मेन स्विच आणि फ्यूज असलाच पाहिजे.

मागवताना बॅटरीचे व्होल्ट, सोलेनॉइडचे प्रत्यक्ष मोजलेले अँपिअर आणि बटण प्लस तोडते की अर्थ, एवढे कळवा.