गव्हावरचा संशय, आणि त्याचा पुरावा

वर्षभराचे होईपर्यंत मूल ठणठणीत असते. मग जुलाब सुरू होतात, पोट फुगते, हातापायांच्या काड्या होतात आणि वजन वाढायचे थांबते. सीलिएक आजाराचे हे चित्र लंडनच्या सॅम्युएल जी या डॉक्टरांनी १८८८ मध्ये नेमकेपणाने मांडले. रोगी बरा झालाच तर आहारानेच होईल, असेही त्यांनी लिहून ठेवले. पण कोणत्या आहाराने? रोज डच शिंपल्या खाऊन एक मूल चांगले सुधारले होते, पण शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा खालावले. पुढे १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांच्या आहाराचे गुण गायले. मुले खरोखर सुधारत होती, त्यामुळे श्रेय केळ्यांना मिळाले. त्या आहारात पावाला जागाच नव्हती, याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

मुलांना काय द्यावे, याचाच शोध सगळे घेत होते. विलेम कारेल डिके यांनी विचारले ते वेगळेच: काय काढून घ्यावे?

डिके हे नेदरलँड्समधील हेग शहरातल्या बालरुग्णालयाचे प्रमुख. पाव खाल्ला की काही मुलांचा आजार उलटतो, हा संशय त्यांना १९३० च्या दशकातच आला होता आणि १९४१ मध्ये त्यांनी पाव वगळलेला आहार प्रसिद्धही केला. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण या शोधाची गोष्ट सहसा १९४४-४५ च्या डच ‘भूक-हिवाळ्या’पासून सुरू केली जाते. त्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे धान्य मिळेनासे झाले, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले, हजारो माणसे उपासमारीने गेली. पाव नसल्याने सीलिएकची मुले मात्र तग धरून राहिली. दुष्काळाने डिके यांचा संशय बळकट केला, पण संशय त्यांच्या मनात आधीपासून होता. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण त्यानंतरच्या कामात आहे.

आई-वडिलांच्या सांगण्यावर किंवा स्वतःच्या नजरेवर विसंबून चालणार नव्हते. मोजमाप हवे होते. सीलिएकमध्ये आतडे चरबी शोषू शकत नाही आणि ती शौचावाटे निघून जाते. उट्रेख्टचे रसायनशास्त्रज्ञ व्हान दे कामर यांनी ही चरबी मोजण्याची भरवशाची पद्धत तयार केली. त्यांच्या आणि बालरोगतज्ज्ञ वेयर्स यांच्या साथीने डिके मुलांच्या आहारातून गहू काढत, पुन्हा घालत, आणि दर वेळी शौचातली चरबी मोजत. गहू आला की चरबी वाढे, काही वेळा उशिराने, पण वाढे. राय या धान्यानेही तेच होई. तांदूळ, मका आणि बटाटा यांनी काही बिघडत नसे. सर्वांत बोलका निष्कर्ष असा, की गव्हातला निव्वळ स्टार्चही निर्दोष ठरला. दोष पिठातल्या प्रथिनात, म्हणजे ग्लुटेनमध्ये होता. १९५० मध्ये डिके यांचा प्रबंध उट्रेख्ट विद्यापीठाने स्वीकारला आणि बर्मिंगहॅमच्या गटाने १९५२ मध्ये स्वतंत्रपणे गव्हाच्या दोषाला दुजोरा दिला.

आतड्यात नेमके काय घडते, हे कळायला आणखी काळ गेला. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला, टॉवेलच्या धाग्यांसारखे, असंख्य बारीक उंचवटे असतात आणि अन्नरस त्यांच्यातून शोषला जातो. सीलिएकमध्ये ते झिजून सपाट होतात. ग्लुटेनमध्ये प्रोलीन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्ले भरपूर असल्याने आपले पाचकरस त्याचे पूर्ण तुकडे करू शकत नाहीत. उरलेल्या लांब तुकड्यांत ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर थोडा बदल करते. डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुके असलेल्या काही व्यक्तींमध्ये प्रतिकारशक्ती या बदललेल्या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या हल्ल्यात स्वतःचेच आतडे जखमी होते. ही जनुके पुष्कळांकडे असतात, पण आजार होतो जगातल्या साधारण १ टक्का लोकांना.

तो फक्त मुलांचा आजार आहे, हा समजही आता मागे पडला आहे. प्रौढांमध्ये जुलाब नसतानाही, केवळ न हटणारा रक्तक्षय किंवा ठिसूळ हाडे याच रूपात तो दिसू शकतो. शंका असेल तर आधी रक्ततपासणी करावी, गहू त्यानंतर सोडावा. गहू आधीच बंद केला तर रक्तातली प्रतिपिंडे घटतात, आतडे भरून येऊ लागते आणि असलेला आजारही तपासणीत सापडत नाही. निदान पक्के झाले, की उपचार आजही डिके यांचाच आहे: ग्लुटेन आयुष्यभरासाठी बंद.