छातीवरची पॉपी आणि काउंटरवरची पेटी

ऑक्टोबर सरत आला की उत्तर आयर्लंडमध्ये एक जुना वाद नव्याने सुरू होतो. कौन्सिलची म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांची कार्यालये, ग्रंथालये, क्रीडा केंद्रे अशा सार्वजनिक इमारतींत युद्धस्मृतीच्या लाल कागदी पॉपी, म्हणजे छातीवर लावायची खसखशीच्या जातीची कागदी फुले, विकू द्याव्यात की नाही, हा तो वाद. त्यात उतरणारे दोन्ही पक्ष बहुतेक वेळा वेगळ्याच प्रश्नावर बोलत राहतात, तो म्हणजे माणसाने पॉपी लावावी की नाही. फूल तेच, महिना तोच आणि भांडणारी माणसेही तीच असल्यामुळे ही गल्लत सहज होते. मात्र पॉपी लावणे ही व्यक्तीची कृती आहे आणि सार्वजनिक इमारतीत ती विकू देणे ही संस्थेची कृती आहे. एकीला लागू पडणारा युक्तिवाद दुसरीला चिकटवला की वादाला धार येते, पण निर्णय होत नाही.

आधी फुलाविषयी थोडे. पहिल्या महायुद्धात तोफांनी उकरल्या गेलेल्या फ्लँडर्सच्या मातीत पॉपीची लाल फुले उगवली. मे १९१५ मध्ये जॉन मॅक्रे या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरने त्यांच्यावर कविता लिहिली आणि तिच्यातून हे फूल मृत सैनिकांच्या स्मृतीशी जोडले गेले. ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संघटना १९२१ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिने पहिल्यांदा पॉपी विकल्या. सुमारे ९० लाख फुले खपली आणि १ लाख ६ हजार पौंड जमा झाले. पुढच्या वर्षी मेजर जॉर्ज हाउसन यांनी अपंग सैनिकांना काम मिळावे म्हणून पॉपी बनवण्याचा कारखानाच काढला. तेव्हापासून ही रीत चालत आली आहे: लाल कागदी पाकळ्या, मधोमध काळा ठिपका, टाचणी आणि शेजारी खाच पाडलेली पेटी. फुलाला ठरलेली किंमत नसते; पेटीत मनाला येईल ती रक्कम टाकायची आणि फूल उचलायचे. विक्री म्हणतात ती एवढीच, आणि हा पैसा सैनिक, माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांच्या मदतीला जातो.

इंग्लंडमधल्या बहुतेक गावांत हा विषय इथेच संपतो. उत्तर आयर्लंडमध्ये तो संपत नाही, कारण तिथे ‘ब्रिटिश सैनिक’ या शब्दांच्या मागे दोन वेगळ्या आठवणी उभ्या आहेत. ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्या युनियनिस्ट समाजाच्या आठवणीत १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सुरू झालेली सोमची लढाई आहे, जिच्या पहिल्याच दिवशी आयर्लंडच्या उत्तर भागातून भरती झालेल्या ३६ व्या अल्स्टर डिव्हिजनचे हजारो जवान मारले गेले किंवा जखमी झाले. त्याच आठवणीत ८ नोव्हेंबर १९८७ चे एनिस्किलन गाव आहे. त्या दिवशी युद्धस्मारकापाशी स्मृतिरविवारासाठी, म्हणजे नोव्हेंबरात युद्धातल्या मृतांना आदरांजली वाहण्याच्या दिवसासाठी, लोक जमत असताना ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने ठेवलेला बॉम्ब फुटला आणि ११ जण ठार झाले. पॉपीवरची हरकत त्या दिवसापासून पुष्कळ युनियनिस्टांना स्वतःच्या मृतांवरची हरकत वाटते. दुसरीकडे, आयर्लंड एकत्र व्हावे असे मानणाऱ्या, बहुतांशी कॅथलिक नॅशनॅलिस्ट समाजाच्या आठवणीत ३० जानेवारी १९७२ चे डेरी शहर आहे. तिथे ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या गोळीबारात त्या दिवशी १३ नागरिक मेले. ब्रिटिश लष्कराची उत्तर आयर्लंडमधली मोहीम १९६९ पासून २००७ पर्यंत चालली आणि त्या मोहिमेतल्या सैनिकांनाही पॉपीच्या निधीतून मदत मिळू शकते. नॅशनॅलिस्टांच्या हरकतीचे मूळ या वस्तुस्थितीत आहे. तिला नुसता आकस म्हणून मोडीत काढता येत नाही.

हे चित्र दोन रंगांत रंगवणेही चुकीचे ठरेल. पहिल्या महायुद्धात सुमारे दोन लाख आयरिश माणसे ब्रिटिश सैन्यात लढली आणि त्यांत कॅथलिक नॅशनॅलिस्ट मोठ्या संख्येने होते. त्यांची आठवण कित्येक दशके त्यांच्याच समाजाने अडगळीत टाकली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयर्लंड प्रजासत्ताकाचे पंतप्रधान लिओ वराडकर शॅमरॉकच्या, म्हणजे आयर्लंडचे चिन्ह असलेल्या त्रिदली पानावरची पॉपी लावून डब्लिनच्या संसदेत आले, तो प्रसंग या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. वराडकरांचे वडील मुंबईचे आणि मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड, म्हणून मराठी वाचकाला हा प्रसंग आणखी थोडा जवळचा.

आता पहिली बाजू, म्हणजे लावण्याची. उत्तर आयर्लंडमध्ये नोकरीच्या ठिकाणी धार्मिक किंवा राजकीय मतांवरून भेदभाव होऊ नये यासाठी १९९८ चा कडक कायदा आहे आणि कामाच्या जागी कोणालाही दडपण वाटू नये याची जबाबदारी मालकावर आहे. झेंडे, बिल्ले, फुटबॉल संघांचे शर्ट यांवर त्यामुळे अनेक ठिकाणी बंधने असतात. पॉपीच्या बाबतीत तिथल्या समता आयोगाचा कल मात्र सौम्य राहिला आहे: योग्य काळात आणि सभ्यपणे लावलेली पॉपी ही साधारणपणे आक्षेपार्ह गोष्ट मानू नये. ‘योग्य काळात’ आणि ‘सभ्यपणे’ या दोन अटी महत्त्वाच्या आहेत, कारण जूनमध्ये टेबलावर मुद्दाम मांडून ठेवलेली पॉपी आणि नोव्हेंबरमध्ये कोटाला लावलेली पॉपी यांचा हेतू सारखा नसतो.

लावण्याच्या स्वातंत्र्यात न लावण्याचे स्वातंत्र्य आलेच, आणि प्रत्यक्षात जास्त खटके या दुसऱ्या स्वातंत्र्यावरून उडतात. डेरीचा फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन इंग्लंडमधल्या क्लबांकडून खेळताना पॉपी लावायला नकार देत आला. २०१४ मध्ये त्याने आपल्या क्लबच्या अध्यक्षांना लिहिलेल्या खुल्या पत्रातली भूमिका स्पष्ट होती: पॉपी केवळ दोन महायुद्धांतल्या मृतांसाठी असती तर ती आपण लावली असती, पण ती नंतरच्या संघर्षांसाठीही वापरली जाते आणि डेरीच्या ज्या क्रेगन वस्तीत आपण वाढलो, तिथली माणसे १९७२ च्या गोळीबारात मेली आहेत. या प्रकरणातली एक बारीक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबरमध्ये स्मृतिरविवाराच्या सुमारास होणाऱ्या सामन्यांत पॉपी खेळाडूने टाचून घ्यायची नसते. ती संघाच्या शर्टावर आधीच उमटवलेली असते. म्हणजे मॅक्लीनला काहीही न करण्यासाठी वेगळा, कोरा शर्ट मागून घ्यावा लागे आणि मैदानावरच्या अकरांत तो एकटा उठून दिसे. संस्थेने फूल सर्वांच्या अंगावर चढवले की लावणे ही व्यक्तीची कृती उरत नाही. माझ्या मते, इतकी वर्षे त्याच्यावर झालेल्या शिवीगाळीचे एक कारण या व्यवस्थेतच होते.

दुसऱ्या बाजूला काउंटरवरची पेटी. ती कोणाच्या अंगावर नसते आणि तिच्याकडे न पाहता पुढे जाता येते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. तरीही कायद्याच्या नजरेने ती जास्त अवघड आहे. माणसाने छातीवर काय लावले याला तो माणूस उत्तरदायी असतो, तर कार्यालयाच्या स्वागतकक्षात पेटी कोणाच्या परवानगीने आली याचे उत्तर कौन्सिलला द्यावे लागते. त्याच वर्षीच्या, पण वेगळ्या अशा उत्तर आयर्लंड अधिनियमाच्या कलम ७५ नुसार प्रत्येक सार्वजनिक संस्थेने समान संधीचा विचार करायचा असतो आणि वेगवेगळ्या धार्मिक व राजकीय मतांच्या लोकांमधले संबंध चांगले राहतील हेही पाहायचे असते. कचऱ्याची, जन्मदाखल्याची कामे घेऊन त्या इमारतीत सगळ्याच मतांचे लोक येतात. तिथे न जाण्याचा पर्याय त्यांना नसतो. दुकानातली पेटी आणि कौन्सिलमधली पेटी यांत फरक पडतो तो यामुळे.

आपल्याकडे ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी जिल्हाधिकारी कार्यालयांतून गोळा होतो, त्याला इष्टांकही ठरवून दिलेले असतात आणि त्यावर कोणी सभा गाजवत नाही. मात्र आपल्याकडे राज्य आणि सैन्य कोणाचे हा प्रश्न बहुतेकांच्या लेखी मिटलेला आहे. उत्तर आयर्लंडमध्ये तोच प्रश्न उघडा आहे, म्हणून ही तुलना फार ताणू नये.

पेटीच्या विरोधात हमखास येणारा युक्तिवाद ईस्टर लिलीचा असतो. ब्रिटिश सत्तेविरुद्ध १९१६ मध्ये डब्लिनला झालेल्या ईस्टर उठावातल्या मृतांसाठी कुमन न मबान या स्त्रियांच्या संघटनेने १९२६ मध्ये हे कागदी लिलीचे चिन्ह सुरू केले आणि रिपब्लिकन मंडळी, म्हणजे नॅशनॅलिस्टांमधला जहाल गट, ते वसंतात लावतात. (पुढे चळवळीत फूट पडली तेव्हा एका गटाची लिली मागून चिकटणारी आणि दुसऱ्याची टाचणीची असे; चिकटणाऱ्या लिलीवाल्यांना ‘स्टिकीज’ हे टोपणनाव कायमचे चिकटले.) पॉपी चालते तर लिली का नाही, असा हा सवाल. एप्रिल २००१ मध्ये बेलफास्टमधल्या स्टॉरमाँटच्या संसद भवनात लिलीची फुले मांडण्यावरून उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत रण माजले होते. लावण्याच्या बाबतीत हा सवाल रास्त आहे, कारण व्यक्तीला एक चिन्ह मोकळे आणि दुसरे बंद असे करणे टिकणार नाही. विकण्याच्या बाबतीत मात्र तो अर्धाच लागू पडतो. तिथे चिन्हाइतकाच पैसा कोणाकडे जातो हे पाहावे लागते, आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थेचा निधी व राजकीय चळवळीशी जोडलेला निधी यांना एकच निकष लावता येत नाही. पांढऱ्या पॉपीने ही कसोटी अधिक चांगली लागते. १९३३ मध्ये को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्डने सुरू केलेली आणि पुढे पीस प्लेज युनियनने चालवलेली ही पॉपी नागरिकांसह युद्धात बळी पडलेल्या सर्वांसाठी आहे आणि तिचा पैसा शांततेच्या प्रचाराला जातो. जे कौन्सिल लाल पेटीला ‘ही तर केवळ मदतनिधीची पेटी’ म्हणून परवानगी देते, ते पांढऱ्या पेटीला काय उत्तर देणार आहे?

त्यामुळे दरवर्षी पॉपीवर स्वतंत्र ठराव मांडून मतदान घेण्याची पद्धत मला सर्वांत वाईट वाटते. अशा मतदानात सभासद पेटीवर मत देतच नाहीत. ते सोमवर, एनिस्किलनवर आणि डेरीवर मत देतात. बेलफास्टच्या कौन्सिलने ३ डिसेंबर २०१२ रोजी सिटी हॉलवरचा ब्रिटिश ध्वज ठरावीक दिवशीच फडकवण्याचा निर्णय बहुमताने घेतला, तेव्हा शहरात कित्येक आठवडे निदर्शने आणि दंगली चालल्या. त्यापेक्षा निधी गोळा करणाऱ्या सर्व संस्थांसाठी एकच नियम आधीच करून ठेवावा: नोंदणीकृत संस्था कोणत्या, पेटी किती दिवस, इमारतीत नेमकी कुठे, आणि ती सांभाळणार कोण. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. लीजनचा स्वयंसेवक दारापाशी स्वतः उभा राहत असेल तर कौन्सिलने फक्त जागा दिलेली असते. पेटी मात्र स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्याच्या हवाली केली, त्याने ती रोज मांडायची, आवरायची आणि येणाऱ्याला टाचणी शोधून द्यायची असे ठरले, तर ज्याने स्वतः पॉपी लावायची नाही असे ठरवले आहे त्या कर्मचाऱ्यालाही ते काम नोकरीचा भाग म्हणून करावे लागेल.