बारमाही खोकला आणि वीर्यतपासणीचा रिपोर्ट

लहानपणापासून ओला खोकला, सतत चोंदलेलं नाक, वरचेवर फुटणारा कान. हा माणूस पुढे मूल होत नाही म्हणून दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो आणि तिथे खोकल्याचं कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण कधी कधी दोन्हींचं मूळ एकच असतं.

श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सिलिया नावाचे सूक्ष्म केस एकसारखे हलत कफ घशाकडे ढकलतात. शुक्रजंतूची शेपटी जवळजवळ याच घडणीची: मधोमध दोन नळ्या, भोवती नऊ जोड्या आणि त्यांना सरकवणारे डायनीन प्रथिनाचे इवले हात. काही पुरुषांत हे हातच नसतात, हे स्वीडनच्या ब्योर्न अफझेलियस यांनी १९७६ मध्ये दाखवलं. या आजाराच्या (प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया) सुमारे निम्म्या रुग्णांचं हृदयही उजवीकडे असतं. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू दिसतात, पण बहुतेक हलत नाहीत. न हलणारे म्हणजे मेलेले नव्हेत! कमी क्षारांच्या द्रावणात जिवंत शुक्रजंतूची शेपटी फुगून वळते. तोच निवडून इक्सीने, म्हणजे प्रयोगशाळेत बारीक सुईने, थेट बीजांडात सोडता येतो. रंग घालून केलेल्या जिवंतपणाच्या तपासणीतले शुक्रजंतू मात्र पुढे वापरता येत नाहीत.

दुसरा आजार सिस्टिक फायब्रोसिस. सातव्या गुणसूत्रावरचं सीएफटीआर जनुक बिघडल्याने कफ चिकट होतो, आणि ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पुरुषांत शुक्रवाहिन्याच नसतात. वृषणात शुक्रजंतू तयार होतात, वाट नसते. काहींची फुप्फुसं ठणठणीत असतात, फक्त सायनसचा त्रास असतो; म्हणून निदान हुकतं. खरं तर अंडकोशात दोरीसारखी लागणारी शुक्रवाहिनी बोटांना लागत नाही, एवढ्यावरही ते होतं. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू शून्य, वीर्य १.५ मिलिलिटरपेक्षा कमी, आम्लधर्मी आणि फ्रुक्टोजविना. कारण अल्कधर्मी द्रव आणि फ्रुक्टोज पुरवणाऱ्या वीर्यकोशांचीही वाढ झालेली नसते. नमुना सांडला तरी वीर्य कमी भरतं, तेव्हा २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर तपासणी पुन्हा करावी.

क्षयरोगही रक्तावाटे अधिवृषणात (वृषणाला चिकटलेल्या, शुक्रजंतू पुढे नेणाऱ्या नळीत) पोचून वाट बुजवू शकतो. हे आपल्याकडे विसरून चालत नाही.

सीएफटीआरच्या रुग्णात सुईने शुक्रजंतू काढून इक्सी करता येते. पण त्याआधी पत्नीचं जनुक तपासायलाच हवं. पतीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष आणि पत्नी वाहक (एकच प्रत सदोष) असेल, तर बाळाला दोन सदोष प्रती मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. युरोपीय लोकांत सर्रास आढळणारा एफ५०८डेल हा दोष भारतात तुलनेने कमी दिसतो. त्यामुळे तयार यादीतल्या मोजक्या दोषांची चाचणी निर्दोष आली तरी पुरत नाही. लॅबकडे संपूर्ण जनुकाचं सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरन् अक्षर वाचन, मागावं.