तान्ह्या बाळाचं कसलं आलंय पाप? मूळ पापाच्या वादाची पार्श्वभूमी

आदाम-हव्वेने फळ खाल्लं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या पापाचा दोष प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो (यालाच ख्रिस्ती धर्मात मूळ पाप म्हणतात) असं बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात सरळ कुठेच लिहिलेलं नाही. बीज आहे ते येशूचा प्रेषित पौल याच्या रोमकरांस पत्रात, पाचव्या अध्यायात, आणि त्याचं पक्कं शास्त्र बनवलं ते ऑगस्टीनने (इ.स. 354 ते 430), उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप.

समोर होता पेलाजियस, ब्रिटनहून रोमला आलेला साधक. त्याचं म्हणणं साधं, देवाने आज्ञा दिल्या म्हणजे त्या पाळायची ताकदही दिलीच असणार, आदामाने फक्त वाईट पायंडा पाडला, मूल जन्मतं ते निष्पापच. ऐकायला किती रास्त वाटतं ना! 410 मध्ये गॉथ या जर्मानिक टोळीने रोम लुटलं, त्या धामधुमीत हा आफ्रिकेत पोचला आणि वाद पेटला.

ऑगस्टीनने नेमकं बोट ठेवलं ते बाप्तिस्म्यावर, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीवर. पापक्षमेसाठीचा बाप्तिस्मा चर्च तान्ह्या बाळांनाही देतंय, मग त्यांचं पाप कुठलं ते सांगा की. आत्मकथनात तर त्याने एक बाळ रंगवलंय, अजून बोलता येत नाही पण दुसरं मूल दूध पितंय बघून मत्सराने चेहरा पांढराफटक, नजर जळजळीत. बाळ निरागस दिसतं ते हातपाय दुबळे म्हणून, मन निरागस म्हणून नव्हे, असं तो म्हणतो. निरीक्षण जबरदस्त, निष्कर्ष मला तरी फार कठोर वाटतो.

त्याच्या दृष्टीने देवाची कृपा म्हणजे जोडीला मिळालेली मदत नव्हे, तिच्याशिवाय माणसाला चांगलं वागण्याची इच्छाही होणार नाही. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची मतं धिक्कारली.

पण मग बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांचं काय? ऑगस्टीन म्हणाला, शिक्षा होणार, पण सगळ्यात सौम्य. मध्ययुगीन पंडितांना हे पचेना, त्यांनी लिंबो नावाची मरणानंतरची मधली अवस्था काढली, यातना नाहीत पण देवदर्शनही नाही. पुढे कॅथलिक चर्चपासून फुटलेला प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर कृपेच्या बाबतीत ऑगस्टीनच्याच वाटेने गेला, आणि 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक चर्चनेही मूळ पापाची शिकवण पुन्हा ठामपणे मांडली, म्हणजे भांडणारे दोघेही त्याचेच वारसदार. लिंबो मात्र कधीच अधिकृत सिद्धांत झाला नाही, 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम कारणं आहेत असं म्हटलं.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला मात्र लिंबोची गरजच पडली नाही, कारण त्यांच्या मते आदामाकडून वारशात मृत्यू आला, अपराध नाही.