ऊष्मालेखन, इमारतींचे

इमारतीच्या पृष्ठभागातून बाहेर पडणारे अवरक्त प्रारण (उष्णतेचे अदृश्य किरण) टिपून त्यावरून तापमानाचे चित्र तयार करणे व त्या चित्रातील विषमतेवरून भिंत, स्लॅब किंवा छपरात दडलेले दोष हुडकणे, या तंत्राला इमारतींचे ऊष्मालेखन म्हणतात. बोलण्यात ‘थर्मल स्कॅन’ हाच शब्द रूढ आहे. कॅमेरा भिंतीच्या आरपार पाहतो, हा समज चुकीचा आहे. तो फक्त पृष्ठभाग पाहतो. आतले सारे अनुमान असते.

सुमारे ३०° से. तापमानाच्या भिंतीचे प्रारण ९.६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक तीव्र असते. म्हणून या कामाच्या कॅमेऱ्यांतील संवेदके बहुधा ८ ते १४ मायक्रोमीटर पट्ट्यातील असतात. गिलावा, वीट, रंग यांची उत्सर्जकता (आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत प्रारण बाहेर टाकण्याचे प्रमाण; कमाल १) ०.९ च्या वर असल्याने त्यांचे तापमान बऱ्यापैकी खरे कळते. चकचकीत धातूचे तसे नाही. गोव्यातील देवळांत आढळणाऱ्या चांदीच्या पत्र्याने मढवलेल्या चौकटींवर किंवा चर्चमधील सोन्याचा वर्ख दिलेल्या वेदींवर कॅमेरा रोखल्यास चित्रात मुख्यतः समोर उभ्या माणसाची ऊब उमटते.

तंत्राचा आरंभ कोठून मानावा याबद्दल मतभेद आहेत. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलक व तापमापक यांच्या साहाय्याने अवरक्त प्रारण शोधले; परंतु त्यांनी तापमाने नोंदली, चित्र काढले नाही. त्यांचे पुत्र जॉन हर्शेल यांनी १८४० मध्ये काजळी लावलेला कागद अल्कोहॉलमध्ये भिजवून त्यावर सूर्याचा वर्णपट पाडला. उष्णता पडलेला भाग आधी वाळला व आकृती उमटली. हा पहिला ऊष्मालेख मानण्याकडे अनेकांचा कल आहे. सॅम्युएल लँग्ली यांचा बोलोमीटर (प्रारणाने तापलेल्या पट्टीच्या विद्युत् रोधावरून उष्णता मोजणारे उपकरण; सुमारे १८८०) हा मापनाच्या इतिहासातील टप्पा होय. हंगेरियन संशोधक काल्मान तिहान्यी यांच्या अवरक्त-संवेदी दूरचित्रवाणी कॅमेऱ्याला (१९२९) काही लेखक अग्रस्थान देतात. मात्र तो विमानविरोधी संरक्षणासाठी होता. इमारतींपुरते बोलायचे तर १९६० च्या दशकाच्या मध्यास स्वीडनमध्ये विक्रीस आलेल्या, मूळ वीजवाहिन्यांच्या तपासणीसाठी बनवलेल्या उपकरणांपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९७३ च्या तेलसंकटानंतर थंड देशांत घरातील ऊब कोठून निसटते हे पाहण्यासाठी हे तंत्र वापरात आले. आयएसओ ६७८१ हे आंतरराष्ट्रीय मानक (१९८३) याच गरजेतून आले असून त्याचा विषय उष्णतारोधनातील दोष हाच होता. शीतकरणाशिवाय चालणारे सूक्ष्मबोलोमीटर (बोलोमीटरच्याच तत्त्वावरील अतिलहान संवेदके) १९९० च्या दशकात लष्करी गुप्ततेतून बाहेर आल्यावर कॅमेरे हातात मावू लागले. निर्यातनिर्बंधांमुळे अनेक स्वस्त कॅमेरे सेकंदाला नऊच चित्रे घेतात. भिंत कोठे पळत नसल्याने त्याने अडत नाही.

गोव्यात प्रश्न उलटा आहे. येथे ऊब निसटण्याची चिंता नाही. शोधायचे असते ते पाणी. आत-बाहेरच्या तापमानात थंड देशांत सहज मिळणारा दहा अंशांचा फरक येथे नसतो, त्यामुळे चित्रातील भेद ऊन आणि बाष्पीभवन यांच्यावर सोडावा लागतो. ओला गिलावा दिवसा बाष्पीभवनाने कोरड्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी थंड दिसतो. गच्चीवर रात्री उलट घडते: कोब्यात मुरलेले पाणी दिवसाची उष्णता धरून ठेवते आणि सूर्यास्तानंतर ओला भाग उबदार डागासारखा उमटतो. गच्चीवर पत्र्याचे छप्पर घातले असल्यास, आणि गोव्यात ते बरेचदा असते, ऊन स्लॅबपर्यंत पोचत नाही व ही पद्धत लंगडी पडते.

जून ते सप्टेंबर या काळात किनारपट्टीवर सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो. गळतीच्या तक्रारी तेव्हाच येतात. पण हवाच दमट असल्याने बाष्पीभवन मंदावते, ऊन नसते आणि चित्र सपाट येते. ओल अजून टिकून आहे व ऊन परतले आहे, असा ऑक्टोबरचा काळ सर्वांत सोयीचा. चवथीपूर्वी घरे रंगवण्याच्या प्रथेमुळे डाग झाकले जातात, ओल झाकली जात नाही. नव्या रंगाखालूनही ती दिसते. वातानुकूलित खोल्यांचा दोष मात्र पावसाळ्यातच सापडतो. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानास बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) २५° से.च्या आसपास असतो. खोली २२° वर ठेवल्यास सामायिक भिंतीच्या पलीकडच्या अंगास पाणी धरते व बुरशी येते. तिला गळती समजून गच्ची फोडल्याची उदाहरणे घडतात.

जांभ्या दगडाचे चिरे हा येथील वेगळाच विषय आहे. दगड सच्छिद्र, त्यात लोहयुक्त गडद व फिकट भाग मिसळलेले. उन्हात ते असमान तापतात आणि उघड्या चिऱ्यांची भिंत कोरडी असूनही चित्रात ठिपक्याठिपक्यांची दिसते. चुन्याच्या गिलाव्याखाली हा गोंधळ बराच कमी होतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला. तो पुन्हा चढवावा की नाही या वादात दगडाच्या झिजेचा मुद्दा मुख्य आहे, पण तपासणीच्या दृष्टीनेही गिलावा असणेच सोयीचे ठरेल.

गंजलेल्या सळ्यांमुळे सुटलेले काँक्रीट उन्हात लवकर तापते, कारण मधली हवा उष्णता आत जाऊ देत नाही. गवंडी हातोडीने वाजवून पोकळ आवाज ऐकतो तेव्हा तोच दोष सापडतो. कॅमेऱ्याने जागा दाखवावी व हातोडीने खात्री करावी, हा क्रम योग्य. विद्युत् ओलावामापक खाऱ्या भिंतीवर फसतो, त्यामुळे समुद्रालगत केवळ त्याच्या आकड्यावर विसंबू नये.

वीजफळ्यांतील सैल जोड तापलेले दिसतात. हा उपयोग सर्वपरिचित आहे. लाकडी वाशांतील वाळवीचा माग, तिने आणलेल्या ओलाव्यामुळे, कधीकधी लागतो.